हातातला दगड, जमिनीतला दगड

मराठीत दगडाला फारसा मान नाही. अक्कल नसलेल्याला आपण दगड म्हणतो, माया नसलेल्याला दगडाच्या काळजाचा म्हणतो, आणि दोन वाईटांतलं एक निवडायची वेळ आली की 'दगडापेक्षा वीट मऊ' म्हणून सुस्कारा टाकतो. शेंदूर फासला तरच दगडाला हात जोडले जातात! थोडक्यात काय, तर ज्याच्याकडून काही कळण्यासारखं नाही असा पदार्थ म्हणजे दगड.

आमच्या पुतणीची मुलगी भूशास्त्र शिकते. तिचं काम ऐकून घरातली मंडळी चक्रावली. दगडाच्या सुपारीएवढ्या जाड चकत्या कापायच्या आणि त्या किती उष्णता पुढे जाऊ देतात, किती पाणी पितात, किती दाब सोसतात हे मोजायचं. "मोजून मिळतं काय?" असं एका आजीबाईंनी विचारलंच. पोर म्हणाली, "जमिनीखालची उष्णता वापरायची असेल किंवा जमिनीखाली काही साठवायचं असेल, तर आधी दगड ओळखायला नको का?" उत्तर चोख होतं. पण मी पडलो इतिहासाचा शिक्षक. पहिल्यांदा हे कोणी मोजलं, कशासाठी मोजलं आणि मोजून त्याला काय मिळालं, हे शोधल्याशिवाय मला चैन पडेना. जे सापडलं ते इथे मांडतो. आकडे थोडे आहेत, पण मंडळी, घाबरू नका. विज्ञानाचा तास माझा कधीच नव्हता, त्यामुळे मला समजलं ते तुम्हालाही समजेल.

गोष्ट सुरू होते १८३७ साली, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात. जेम्स डेव्हिड फोर्ब्स नावाचे तिथले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी शहरात तीन जागा निवडल्या. पहिली कॅल्टन टेकडीवरची वेधशाळा, जिथे खाली काळा ज्वालामुखीचा खडक आहे. दुसरी एक बाग, जिथे वाळू आहे. तिसरी क्रेगलीथची खाण, जिथे वालुकाश्म, म्हणजे वाळूचा दगड आहे. प्रत्येक जागी त्यांनी ३, ६, १२ आणि २४ फ्रेंच फूट खोल असे चार तापमापक पुरले. हे तापमापक स्पिरिटचे आणि भलतेच लांब. फुगा तळाशी आणि आकड्यांची पट्टी जमिनीच्या वर. त्यामुळे काही उकरायला नको, वर उभं राहून २४ फुटांखालचं तापमान वाचता येई. दर आठवड्याला जायचं, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. बस्स, एवढाच प्रयोग!

आता यातली गंमत पाहा. उन्हाळ्यात जमीन वरून तापते आणि ती ऊब हळूहळू खाली उतरत जाते. उतरताना तिला वेळ लागतो आणि ती विरतही जाते. कॅल्टन टेकडीवर २४ फुटांखाली वर्षातली सर्वांत उबदार वेळ येई ती ऐन हिवाळ्यात! वर बर्फ पडत असताना खाली गेल्या उन्हाळ्याची ऊब नुकती पोचलेली. ही ऊब किती उशिरा पोचते आणि किती विरते, यावरून त्या खडकात उष्णता कशी पसरते याचा हिशेब निघतो. तीन जागांचे आकडे वेगवेगळे निघाले. काळ्या खडकापेक्षा क्रेगलीथच्या वालुकाश्मात उष्णता दुपटीहून अधिक सहज पसरत होती. म्हणजे दगड तितके स्वभाव, आणि ते स्वभाव आकड्यांत मांडता येतात हे सिद्ध झालं.

या गोष्टीला एक भारतीय धागा आहे, आणि तो सापडला तेव्हा मला फार आनंद झाला. त्याच १८३७ साली त्रावणकोरचे महाराज स्वाती तिरुनाळ यांनी तिरुवनंतपुरमला वेधशाळा उभारली. संगीतज्ञ राजा म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्या वेधशाळेचे पहिले प्रमुख जॉन कॅल्डिकॉट. त्यांनी मे १८४२ ते डिसेंबर १८४५ या काळात तिथल्या जमिनीचं तापमान निरनिराळ्या खोलीवर नियमित मोजलं आणि ती निरीक्षणं एडिंबराच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथात छापली गेली. जिथे हिवाळा-उन्हाळ्याचं अंतर मोठं आहे तिथलं मोजमाप स्कॉटलंडचं, आणि जिथे बारा महिने उकाडाच, तिथलं आपल्या केरळातलं. शास्त्राला दोन्ही हवी होती.

कॅल्टन टेकडीवरची नोंद पुढे अनेक वर्षं चालू राहिली. १८ वर्षांचे आकडे जमले तेव्हा ते विल्यम थॉमसन या ग्लासगोच्या प्राध्यापकाच्या हाती आले. हेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांनी या आकड्यांना एक प्रचंड प्रश्न विचारला : पृथ्वीचं वय किती?

त्यांचा तर्क साधा होता. पृथ्वी आरंभी वितळलेल्या खडकासारखी तप्त असणार आणि तेव्हापासून निवत आली असणार. खाणीत खाली जावं तसं तापमान वाढतं हे माहीत होतंच. केल्व्हिन यांनी दर ५० फुटांना १ अंश फॅरनहाइट ही वाढ धरली. आरंभीचं तापमान ७,००० अंश फॅरनहाइट धरलं. आणि खडकातून उष्णता किती वेगाने निसटते याचा आकडा? तो एडिंबराच्या त्या तीन जागांची सरासरी काढून घेतला. गरम लाडू ताटात ठेवला आणि वरचा थर किती निवला ते पाहून तो केव्हा वळला होता ते सांगावं, तसा हा हिशेब. १८६२ साली त्यांनी तो एडिंबराच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला. उत्तर आलं सुमारे ९ कोटी ८० लाख वर्षं. कमीत कमी २ कोटी आणि जास्तीत जास्त ४० कोटी. पुढे १८९७ पर्यंत त्यांनी ही मर्यादा आणखी आवळून २ ते ४ कोटी वर्षांवर आणली.

या आकड्याने मोठी खळबळ उडाली. नदी दरी कोरते, समुद्राच्या तळाशी गाळ साठून डोंगर होतात, या संथ घडामोडींना भूशास्त्रज्ञांच्या मते याहून कितीतरी जास्त काळ हवा होता. डार्विन यांना तर हा आकडा फार सलत असे, कारण जीवसृष्टी हळूहळू बदलत आली म्हणायचं तर वेळ पुरत नव्हता. पण केल्व्हिन यांच्यासमोर बोलायचं कोणी? त्यांच्या हाती गणित होतं आणि मोजलेला दगड होता.

बोलला तो त्यांचाच एकेकाळचा साहाय्यक. जॉन पेरी नावाच्या अभियंत्याने १८९५ साली 'नेचर' या नियतकालिकात लिहिलं, की गुरुजींचं गणित चोख आहे, पण त्यांनी पृष्ठभागाजवळच्या खडकाचा स्वभाव थेट पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत तसाच धरला आहे. आत उष्णता जास्त सहज वाहत असेल तर? पातेल्यातलं पिठलं न ढवळता ठेवलं तर वर साय धरते आणि वरचा थर लवकर निवतो. आतून ते हलत राहिलं तर तळची ऊब वर येत राहते आणि वरचा थर किती तरी वेळ गरम राहतो. पृथ्वी आतून अशी हलत असेल, तर तिचं वय कोटींत नव्हे, अब्जांत जाऊ शकतं.

यावर केल्व्हिन यांनी काय करावं? रागावले नाहीत. त्यांनी पुन्हा दगड हाती घेतला! खडक तापला की त्यातून उष्णता जास्त वाहते का, हे त्यांनी आपल्या एका सहकाऱ्याबरोबर त्याच वर्षी प्रयोगशाळेत मोजलं. उत्तर आलं : वाढत नाही, उलट किंचित घटते. प्रयोग अगदी बरोबर होता. तापवलेला खडक खरोखरच तसा वागतो. पण पेरीचा खरा मुद्दा पृथ्वीचं पोट हलतं असेल हा होता, आणि तो प्रयोगशाळेतल्या दगडाच्या तुकड्यात दिसण्यासारखा नव्हताच.

पुढे १९०३ साली पियरे क्युरी आणि लाबोर्द यांनी रेडियम सतत उष्णता सोडत राहतं हे दाखवलं. खडकांमध्ये असे किरणोत्सारी पदार्थ सर्वत्र थोडे थोडे पसरलेले आहेत, म्हणजे पृथ्वीच्या चुलीत सरपण अजून आहे! याच किरणोत्साराच्या घड्याळाने पृथ्वीचं वय आज सुमारे ४५४ कोटी वर्षं ठरलं आहे.

माझ्या दृष्टीने या इतिहासाचं मर्म इथे आहे. पुस्तकांत ही गोष्ट 'केल्व्हिन यांची फजिती' म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. फोर्ब्स यांचे आकडे खोटे ठरले नाहीत. कॅल्टनचा खडक आजही तसाच वागतो. वर्षानुवर्षं दर आठवड्याला टेकडीवर जाऊन आकडा टिपणाऱ्या माणसांनी आपलं काम चोख केलं होतं. चूक झाली ती हातातल्या दगडावरून जमिनीतल्या दगडाकडे उडी मारताना. जितकं मोजलं त्याच्यापलीकडे आकडा ताणला गेला.

ही उडी टाळता मात्र येत नाही. पृथ्वीच्या पोटात कोण जाऊन बसणार? तेव्हा पुढच्या पिढ्यांनी काय केलं, तर उडी मारण्याआधी जमीन चाचपून पाहायला त्या शिकल्या. चार्ल्स लीज नावाच्या शास्त्रज्ञाने उष्णता सहज न वाहणाऱ्या पदार्थांसाठी चकतीची पद्धत बसवली. घरात कोणी बी.एस्सी. झालं असेल तर 'लीज डिस्क'चा प्रयोग त्यांना आठवेल. पितळेच्या दोन तुकड्यांमध्ये दगडाची चकती दाबून धरायची, वरून गरम आणि खालून थंड ठेवायचं आणि दोन्ही बाजूंचा तापमानातला फरक पाहायचा. याच धर्तीच्या उपकरणाने एडवर्ड बुलार्ड यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या खोल विंधनांमधले खडक मोजले आणि १९३९ साली जमिनीतून वर येणाऱ्या उष्णतेचे विश्वासार्ह आकडे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी बेनफील्ड यांनी ब्रिटनचे आकडे दिले. रीत अशी : विंधनात दर किलोमीटरला तापमान किती वाढतं ते मोजायचं, त्याच विंधनातून काढलेल्या खडकाची उष्णतावाहकता मोजायची आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. नुसतं तापमान पुरत नाही. पातळ चादरीखाली आणि जाड गोधडीखाली अंगाची ऊब सारखीच असली, तरी गोधडीतली ऊब वेगळी लागते की नाही? खडक ही पृथ्वीची गोधडी आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, जाड गोधडीत मोडतो. ग्रॅनाइट त्यामानाने पातळ.

चकती मोजण्यातही खाचाखोचा आहेत. जमिनीखाली खोलवर खडकाची छिद्रं पाण्याने भरलेली असतात. तो वर आणून वाळवला की छिद्रांत हवा शिरते, आणि हवा उष्णतेला अडवते. म्हणून छिद्रं असलेला दगड कोरडा मोजला तर आकडा कमी येतो. तेव्हा चकतीतली हवा आधी पंपाने काढून घेतात, तिला पाणी पाजतात, मग मोजतात. म्हणजे दगडाला जमिनीत होता तसं वाटलं पाहिजे! शाळेत नव्या मुलाला पहिल्या दिवशीच परीक्षेला बसवू नये, त्यातलाच हा प्रकार.

या मोजमापाचा आपल्याशी संबंध काय, असं कोकणातल्या माझ्या नातेवाइकांना वाटेल. त्यांच्या तर अंगणातच उत्तर आहे. उन्हवरे, तुरळ, राजापूर, वर इकडे गणेशपुरी, वज्रेश्वरी ही गरम पाण्याची कुंडं. भारतातल्या अशा झऱ्यांची पद्धतशीर यादी टॉमस ओल्डहॅम यांनी केली आणि त्यांच्या निधनानंतर १८८२ साली ती प्रसिद्ध झाली. खाली ज्वालामुखी धुमसतो म्हणून पाणी तापतं, असं आपल्याकडे अजून सर्रास सांगतात. पण दख्खनचे लाव्हारस वाहिले त्याला सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं झाली. ती ऊब केव्हाच निवली. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, खालच्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. किलोमीटरला २५ अंश वाढ धरली तर ७० अंशाचं पाणी वर यायला ते निदान पावणेदोन किलोमीटर खाली जाऊन आलेलं असलं पाहिजे. हा ढोबळ हिशेब आहे, पण तो करता येतो तो दगड मोजणाऱ्यांमुळेच.

आता साठवणुकीकडे वळतो. इथे उष्णतेपेक्षा छिद्रांना महत्त्व. १८५६ साली आंरी दार्सी या फ्रेंच अभियंत्याने दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूच्या नळकांड्यांतून पाणी किती झिरपतं ते मोजलं. आजही खडकाची झिरप त्याच्याच नावाच्या एककात सांगतात. छिद्रं असणं वेगळं आणि ती एकमेकांना जोडलेली असणं वेगळं. हे आपल्या शेतकऱ्याला विहीर खणताना कळतं. मांजऱ्या खडक बुडबुड्यांनी भरलेला दिसतो. भेगा असतील तर पाणी देतो, नाहीतर तोंड पुसतो.

जमिनीखाली साठवणं आपल्याला नवीन नाही. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत. तिथल्या जमिनीचा गुण असा, की खोल पेवात हळद वर्षानुवर्षं राहिली तरी ओल लागत नसे. हा गुण कुठल्या प्रयोगशाळेने मोजला नव्हता, पिढ्यांच्या अनुभवाने तो ठरला होता. पण २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी पेवांत शिरलं आणि बरीच पेवं निकामी झाली. माती तीच होती, पाणी मात्र नेहमीच्या पातळीवर राहिलं नाही. अनुभवही मोजलेल्या आकड्यासारखाच असतो. ज्या परिस्थितीत तो घेतला त्याच्यापलीकडे त्याला ताणलं की दगा देतो.

आज देशाच्या खनिज तेलाचा राखीव साठा विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथल्या खडकांतल्या गुहांत आहे. क्षमता अनुक्रमे १३.३ लाख, १५ लाख आणि २५ लाख टन. या गुहांना आतून पोलादी अस्तर नाही! मग तेल गळत नाही का? नाही, कारण भोवतालच्या खडकातल्या भेगांत पाणी असतं, आणि त्याचा दाब तेलाच्या दाबापेक्षा जास्त ठेवतात. पाणी आत झिरपतं, ते उपसता येतं. तेल बाहेर जाऊ शकत नाही. हे सगळं त्या भेगांतून पाणी किती वाहतं, या मोजलेल्या आकड्यावर उभं आहे.

दुसरं उदाहरण आइसलंडचं. तिथे २०१२ साली कार्बन डायऑक्साइड वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्ट खडकात सोडला. दोन वर्षांच्या आत त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक वायू खनिज होऊन, म्हणजे चक्क दगड होऊन बसला, असं २०१६ साली प्रसिद्ध झालं. आपल्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत जे पांढरे स्फटिक सापडतात, त्यांत कॅल्साइट हे तसंच खनिज असतं. निसर्गाने ते आपल्या सवडीने केलेलं आहे. बेसॉल्ट आपल्याकडे उदंड, म्हणून आपणही असं करावं, अशी चर्चा होते. करावंही. पण आइसलंडचा बेसॉल्ट तरुण आणि झिरपणारा, आपला म्हातारा आणि बराचसा छिद्रं बुजलेला. तिकडचा आकडा इकडे जसाच्या तसा आणला, तर आपणही केल्व्हिन यांचीच उडी मारू, तीही त्यांच्याएवढी विद्वत्ता नसताना!

म्हणून कोयनेत जे झालं त्याचं मला मोल वाटतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा तो भूकंप आमच्या पिढीच्या हाडांत बसला आहे. मी कॉलेजात होतो. फळीवरची भांडी खाली आली आणि आईने आम्हा भावंडांना हाताला धरून अंगणात काढलं. जमीन हा शब्द त्या पहाटेपासून मला पूर्वीइतका भरवशाचा वाटला नाही. त्या भूकंपांचं मूळ शोधण्यासाठी या शतकात शास्त्रज्ञांनी कोयना परिसरात खोल विंधनं घेतली. रासाटीच्या विंधनात ९३२ मीटर बेसॉल्ट लागला आणि त्याच्या खाली थेट प्राचीन ग्रॅनाइटसारखा खडक. मधे गाळाचा थर नाहीच. २०१७ साली गोठणे इथलं विंधन ३ किलोमीटरपर्यंत गेलं. कराडजवळ हजारमाचीला यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. विंधनातून काढलेल्या दगडाच्या कांड्यांवर प्रयोगशाळेत मोजमाप होतं आणि त्याच विंधनात उपकरणं सोडून जमिनीतल्या खडकाचंही होतं. दोन्ही शेजारी ठेवून पाहायची, आणि फरक आला तर तो का आला ते शोधायचं.

एडिंबराच्या टेकडीवर ज्यांनी १८ वर्षं आकडे टिपले त्यांना ते पृथ्वीच्या वयासाठी लागणार आहेत याची कल्पनाही नसेल. हजारमाचीच्या कांड्यांचंही तसंच. आज त्या भूकंपासाठी मोजल्या जातात. उद्या कोणी त्यांच्यावरून दख्खनच्या पोटातली ऊब किंवा साठवणीची जागा ठरवील. तेव्हा मोजणाऱ्याने आकड्याबरोबर तो कुठला, किती खोलीवरचा, ओला की सुका, हेही नीट लिहून ठेवलेलं असावं. पुतणीच्या पोरीला मी हेच सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, वहीत ते आधी लिहितो आम्ही, आकडा मग." मला बरं वाटलं.